कंदुरीचा विषय टीव्हीवर निघाला

मला गप्प बसता येत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई काही अचाट बोलली, तर घास हातात धरून मी तिला राज्यघटना समजावायला लागते. घरचे म्हणून मला पंगतीत कडेला बसवतात. मुरूमजवळच्या गावात आमचं घर आणि शेत आहे. मी रोज एसटीने कॉलेजला जाते, राज्यशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी मायजवळ परत येते. लग्नाच्या वयात मी एम.ए. करत होते, नंतर नोकरीच्या मागे होते, आणि मग स्थळं आणणारेच दमले. धाकटा भाऊ शेती बघतो. ऊस, सोयाबीन, थोडा हरभरा. तो मला अक्का म्हणतो. त्याच्या लग्नात मी जेवढी भांडले तेवढं कुणी भांडलं नसेल, आणि आजारपणात त्याच्या उशाशी बसले तेवढंही कुणी बसलं नसेल.

असल्या बाईला टीव्हीवर चर्चेला बोलावणं म्हणजे काय, ते चॅनलवाल्यांना माहीत नव्हतं. किंवा चांगलंच माहीत असावं.

फोन आला तेव्हा मी वर्गातून नुकतीच बाहेर पडले होते. पलीकडची मुलगी भराभर बोलत होती. निवडणुकीचा कार्यक्रम, गावोगावच्या चौकात जाऊन चर्चा, यावेळी मुरूमचा मोंढा, म्हणजे आमचा धान्याचा बाजार. एका बाजूला ते नेते येणार होते. कोणते, ते मी सांगत नाही; आमच्या भागात कुणालाही विचारा. मशिदींपासून ताटातल्या मटणापर्यंत कुठल्याही विषयावरून ते एकाच समाजावर येतात, आणि आल्यावर तिथून हलत नाहीत. ‘मॅडम, आम्हाला दुसरी बाजू स्ट्राँग हवी आहे,’ ती मुलगी म्हणाली. मला स्ट्राँग म्हटलेलं आवडलं, हे इथंच सांगून टाकते.

स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर बसले होते. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे आणि त्यांना आता कशातच पडायचं नसतं. तरी त्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, ‘जाऊ नका. तुम्ही शेजारी बसलात की त्यांचं बोलणं म्हणजे एक मत होतं. एक त्यांचं, एक तुमचं. लोक म्हणतील, घ्या, दोन मतं आहेत, ज्याला जे पटेल ते.’

‘आणि मी नाही गेले तर?’

‘तर ते नुसतं त्यांचं भाषण राहील. भाषण काय, ते रोजच करतात.’

मला राग आला. इतकी वर्षं मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवत आले की वाईट विचाराला उत्तर चांगल्या विचारानं द्यायचं, तोंड दाबून नाही. बोलू द्यावं, म्हणजे पोकळपणा आपोआप उघडा पडतो. आणि आता स्वतःवर पाळी आली तर पदर सावरून मागं सरायचं? मी सरांना म्हणाले, मी गेले नाही तर दुसरं कुणीतरी जाईल आणि धड उत्तर न देता परत येईल. सरांनी पेपर पुन्हा उचलला. आता कधी कधी वाटतं, त्यांनी आणखी थोडं भांडायला हवं होतं माझ्याशी.

घरी भाऊ खूश झाला. तीनेक वर्षांपासून तो त्याच नेत्यांच्या संघटनेत आहे, तालुक्याचं कसलंसं पद आहे त्याच्याकडे. त्यावरून आमची रोज जुंपते. भाजीत मीठ कमी पडलं तरी विषय तिथंच जातो. पण बहीण त्यांच्या शेजारी बसणार म्हटल्यावर त्याला अभिमानच वाटला.

‘अक्का, सांभाळून बोल जरा. लई मोठा माणूस हाय,’ तो म्हणाला.

‘मी काय शिव्या देणार आहे का?’

‘तुझं काय खरं न्हाय,’ असं म्हणून तो हसला. माय चुलीपाशी होती. तिनं फक्त कोणतं लुगडं नेसणार ते विचारलं. माझ्या सगळ्या साड्यांना ती लुगडंच म्हणते.

कंदुरीचं आता सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली पीर आहे. पीर म्हणजे चुन्यानं पांढरं केलेलं एक थडगं, त्यावर हिरवं फडकं. कुणाचं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. भाऊ तीन वर्षांचा असताना तापानं फणफणला, दवाखाना झाला, सुया झाल्या, पोरगं डोळे उघडेना. तेव्हा मायनं या पिराला नवस बोलला की पोर उठलं तर दरवर्षी बकऱ्याची कंदुरी करीन. पोर उठलं. तेव्हापासून दरसाल सुगी आटोपली की शेतात कंदुरी होते. कंदुरीला गावचा मुलाणी लागतो. तो थडगं धुतो, ऊद जाळतो, फातिहा म्हणतो आणि बकरं कापतो. मुंडी आणि कातडं त्याचं. मग रस्सा, भाकरी, आणि बांधावर पंगत. मांसाचा तुकडाही घरी न्यायचा नाही, सगळं तिथंच संपवायचं. आधी म्हातारा मुलाणी यायचा, तो गेल्यावर त्याचा मुलगा येतो. तो आणि माझा भाऊ एका वर्गात शिकले, एका विहिरीत पोहायला शिकले, आणि एकाच मास्तरांच्या हातचा एकाच दिवशी मार खाल्ला. एकमेकांना ते अरेतुरे करतात आणि मध्ये जे शब्द वापरतात ते मी इथं लिहू शकत नाही.

अशा कंदुऱ्या आमच्या भागात शेकड्यानं होतात. त्याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटत नव्हतं, असं म्हणायला हवं.

चर्चेच्या दिवशी दुपारी उन्हं कलली तेव्हा भावाच्या मोटारसायकलवरून मी मोंढ्यात पोचले. पोत्यांच्या थप्प्या मागं सारून पत्र्याच्या शेडखाली मंच केला होता. समोर खुर्च्या, खुर्च्यांवर दोन्ही बाजूंची माणसं आधीच बसलेली. आमच्या बाजूला थोडी, त्यांच्या बाजूला भरपूर, आणि सगळ्यांच्या गळ्यात सारखे गमछे. भाऊ जाऊन दुसऱ्या रांगेत बसला. त्याच्याही गळ्यात गमछा होता. घरून निघताना तो नव्हता, गाडीच्या डिकीत ठेवला असावा.

नेते आले आणि थेट माझ्यापाशी येऊन वाकून नमस्कार केला. ‘मॅडम, तुमचे विद्यार्थी आमच्याकडे आहेत. फार मानतात तुम्हाला.’ मग नोकरी किती राहिली, गुडघे दुखतात का, मंचाची पायरी उंच आहे, जपून चढा. मी चहा पीत नाही म्हटल्यावर कुणाला तरी पिटाळून त्यांनी माझ्यासाठी लिंबूसरबत आणवलं. इतका सभ्य माणूस. मला माझाच संशय यायला लागला. सरबत पिताना मी त्यांना दोनदा थँक्यू म्हणाले.

मग ती फोनवाली मुलगी जवळ आली, माझ्या पदराला माइक लावला आणि कानाशी म्हणाली, ‘मॅडम, मध्येच बोलायचं हं. थांबायचं नाही. गप्प राहिलात तर कॅमेरा तुमच्यावर येणारच नाही.’ आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की समोरच्याचं पूर्ण होऊ द्या, मग हात वर करा. पहिला भाग संपेपर्यंत मी खरंच हात वर करून बसले होते. नंतर घरी ती चित्रफीत पाहिली तेव्हा दिसलं, कोपऱ्यात एक म्हातारी होत चाललेली बाई हात वर करून बसली आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

विषय विकासाचा होता, निदान पाटीवर तसं लिहिलं होतं. मुरूमचा रस्ता, पाणी, कॉलेजातल्या रिकाम्या जागा. मी टिपणं काढून नेली होती. रस्त्याबद्दल नेते एकच वाक्य बोलले आणि मग वळले. अँकरनं त्यांना वळू दिलं. तो फक्त म्हणाला, ‘हा मुद्दा गंभीर आहे,’ आणि खुर्चीत पुढं सरकला. नेत्यांनी आवाज चढवला. आता ते सरबतवाले गृहस्थ राहिले नव्हते. काय खाता, कुणाच्या हातचं खाता, तुमच्या ताटात येणाऱ्या बकऱ्यावर कोण काय पुटपुटतो ते माहीत आहे का, जागे व्हा, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका. प्रत्येक वाक्याला टाळी. ते सगळं मी इथं लिहीत नाही. एकदा मंचावर बसून ऐकलं तेवढं पुरे झालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता मी हात वर केला नाही, मध्येच बोलले. मुलगी शाबास म्हणाली असेल. मी म्हणाले, ‘हे कुठलं गाव सांगता तुम्ही? आमच्या शेतात पीर आहे. दरवर्षी कंदुरी होते. मुलाणी कापतो आणि आम्ही सगळे बसून जेवतो. माझा भाऊ जेवतो. आणि तो तुमच्याच संघटनेत आहे, बघा, तिथं दुसऱ्या रांगेत बसलाय.’

लोक हसले. टाळ्याही पडल्या, आणि या खेपेला आमच्या बाजूनं. क्षणभर मला वाटलं, जिंकले. इतकं साधं उत्तर होतं आणि मी ते दिलं होतं. नेते मात्र गडबडले नाहीत. ते हसले, अगदी सरबताच्या वेळचं हसू, आणि अँकरला म्हणाले, ‘मग भावालाच विचारू या की.’

अँकरचा चेहरा खुलला. माइक हातोहात दुसऱ्या रांगेत गेला, कॅमेरा मागोमाग. भावाला उभं केलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि गमछा एका खांद्यावरून घसरला होता. त्याच्या मागं त्याची सगळी माणसं, पुढं त्याचे नेते, मंचावर बहीण. अँकरनं विचारलं, ‘सांगा, यंदाच्या कंदुरीला बकरं कोण कापणार?’

तो माझ्याकडे बघत होता. मला ते अजून दिसतं. मी मान हलवली, म्हणजे सांग, खरं ते सांग. त्याला त्यातून काय समजलं कुणास ठाऊक.

‘यंदापासनं आमचं आमी,’ तो म्हणाला.

शेड दणाणून गेली. घोषणा सुरू झाल्या त्या थांबेनात. अँकर म्हणाला, ‘बदल घरापासून सुरू होतो,’ आणि जाहिरातींसाठी थांबला. पदरावरचा माइक काढताना मुलगी म्हणाली, मॅडम, फार भारी झालं.

परत येताना मी मोटारसायकलवर त्याच्या मागं बसले होते. मुरूमच्या बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. मी मागून ओरडून विचारलं, ‘असं कसं बोललास?’

‘विषय कुणी काढला?’ तो म्हणाला.

‘मी खरं ते सांगितलं.’

‘खरं सांगायची जागा व्हती का ती?’

यावर माझ्याकडे तयार उत्तर होतं, लांबलचक. वाऱ्यानं अर्धं उडून गेलं आणि उरलेलं त्यानं ऐकलं नाही. गाडी खड्ड्यातून जात होती आणि पडू नये म्हणून मी त्याचा खांदा धरला होता. राग आलेल्या माणसाच्या मागं त्याचा खांदा धरून बसावं लागतं, यासारखं अवघड काही नसेल.

दुसऱ्या दिवसापासून तेवढाच तुकडा सगळीकडे फिरायला लागला. माझं वाक्य, लोकांचं हसू, माइक, भावाचं वाक्य, घोषणा. कुणी वर ढोल-ताशाही घातला होता. रस्ता, पाणी, कॉलेजातल्या जागा यांतलं काहीच त्यात नव्हतं. भावाला गावोगावचे फोन येत होते, अभिनंदनाचे. कॉलेजातल्या पोरांनी मला येऊन सांगितलं, मॅडम, तुमचा व्हिडिओ लई चाललाय. सरांनी स्टाफरूममध्ये मला बघून पेपर उघडला आणि ते मला जास्त झोंबलं.

भाऊ चार-पाच दिवस ताठ होता. मग एकदा जेवताना म्हणाला, ‘आपल्या मुलाण्याचं काय न्हाय त्यात. आपला मुलाणी येगळा. ते त्या लोकांबद्दल बोलायलेत.’

‘कोणते ते लोक?’

‘ते... भाईरचे.’

‘बाहेरचे म्हणजे कुठले? मुरूमचे? उमरग्याचे? तिथल्या लोकांना त्यांच्या गावात कुणीतरी आपला वेगळा म्हणत असेलच ना?’

‘तुझं झालं सुरू कॉलेज,’ म्हणत तो ताटावरून उठला. पण त्याला ते मनापासून वाटत होतं, हे मी सांगते. त्याच्या डोक्यात नेत्यांचं भाषण एकीकडे होतं आणि विहिरीत पोहायला शिकलेला मित्र दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार होतं जे त्यानं कधी उघडलं नव्हतं. त्याच्यासारखी माणसं मला रोज भेटतात. प्रत्येकाचा एक आपला वेगळा असतो. गावातला शिंपी, ट्रकचा ड्रायव्हर, आंब्याचा व्यापारी. सगळ्यांचे आपले वेगळे एकत्र केले तर बाहेरचा कुणी उरतच नाही, पण ही बेरीज कुणी करत नाही.

कंदुरी जवळ आली. मायनं बकरं आधीच सांगून ठेवलं होतं, ते आणून गोठ्यात बांधलं. मुलाण्याला बोलावणं धाडायची रीत अशी की घरच्या कर्त्यानं स्वतः जायचं, त्याच्या ओट्यावर बसायचं, पान खायचं आणि दिवस सांगायचा. वडील असताना वडील जायचे, मग भाऊ. माय रोज भावाला विचारायची, गेलास का, आणि तो म्हणायचा, जातो. एकदा तिनं तेच विचारलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, मुलाणी नको यंदा, शेजारच्या गावचा संघटनेतला एक जण येईल कापायला. कसं कापायचं ते त्याला शिकवलंय म्हणे.

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती चिडली की आवाज बारीक होतो तिचा.

‘कंदुरी कुणाच्या नावाची हाय?’ तिनं विचारलं.

भाऊ गोठ्यातल्या बकऱ्याकडे बघायला लागला.

‘तुज्या जिवाची हाय. तू डोळं उघडनास तवा त्या मुलाण्याच्या बापानं आन म्या बांधावर बसून रात काढली. पिराला म्या जे बोलले ते मोडायचं आसंल तर बकरं सोडून दे आत्ताच. दुसऱ्याच्या हातची कंदुरी म्या हुऊ देणार न्हाय.’

मला वाटलं, आता तो जाईल. तो गेला नाही. त्याला संघटनेची बैठक होती.

मग मीच गेले. मला घरात चैन पडत नव्हतं. पुस्तक उघडलं की त्याच पानावर राहायचे, वर्गात बोलता बोलता शेडमधल्या घोषणा ऐकू यायच्या. मुलाण्याचं घर गावाच्या खालच्या अंगाला आहे आणि घराच्या पुढच्या बाजूलाच त्याचं मटणाचं दुकान. रविवार असूनही दुकानापुढं दोनच गिऱ्हाइकं होती. मला बघून तो हात धुऊन बाहेर आला. ‘अक्का, या. बसा वट्यावर.’ बायकोला त्यानं चहा सांगितला. मी चहा पीत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून लगेच म्हणाला, ‘न्हाय, दूध दे अक्काला.’

मी इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं, कंदुरीला या. माय वाट बघतेय.

तो बराच वेळ हातरुमालानं बोटं पुसत होता. ती आधीच कोरडी झाली होती.

‘बोलावणं दरसाल तोच आणतो, अक्का. तो आला न्हाय.’

‘त्याचं डोकं फिरलंय. मी आले ना.’

‘तुमी आलात, बरं वाटलं. पण आता म्या सुरी घिऊन तुमच्या रानात आलो, तर बांधावर कुणीतरी मोबाईल धरून उबा आसंल. त्याच्यात म्या दिसंन, बकरं दिसंल. पुढं काय लिहितील ते तुमाला बी कळतंय. पोरगा पुण्याला कामाला हाय. त्याला तितं उत्तरं द्यावी लागत्यात.’

मी नेत्यांवर घसरले, चॅनलवर घसरले, भावावर घसरले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दूध आलं, त्यावर साय धरली. शेवटी मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, ‘अक्का, तुमी चांगल्यासाठीच बोललात. पण तितं आमचा विषय काढायचा न्हवता.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी मान म्हणून सांगितलं होतं, अभिमानानं. सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं होतं की बघा, आम्ही कसे राहतो. पण बांधावरची ती कंदुरी इतकी वर्षं चालली, ती कुणी कुणाला सांगत नव्हतं म्हणूनच चालली की काय, हा प्रश्न तिथं ओट्यावर बसल्या बसल्या मनात आला आणि अजून गेलेला नाही. टीव्हीवर काढलं की प्रत्येक गोष्टीला दोन बाजू होतात. आमच्या कंदुरीला तोपर्यंत बाजू नव्हती. मी एक दिली, मग दुसरी त्यांनी दिली. दूध पिऊन मी घरी आले.

त्याच आठवड्यात चॅनलच्या मुलीचा पुन्हा फोन आला. मागचा कार्यक्रम जोरात चालला होता, आता उमरग्याला करायचा होता, तेच नेते. ‘मॅडम, यावेळी तुमच्या त्या मुलाणीकाकांना आणता येईल का? तेही बोलतील, दोन्ही बाजू येतील.’ मी तिला जे बोलले त्यानंतर तिनं मॅडम म्हणणं सोडून दिलं असावं. मी नाही म्हणून सांगितलं, त्याला नाही आणि मलाही नाही. माझ्या जागी दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक गेले. मी घरी बसून तो कार्यक्रम पाहिला. नेत्यांनी तेच भाषण केलं, तिथल्या माणसांनी त्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या, आणि ते प्राध्यापक हात वर करून बसले. मी गेले तेव्हा घर मोडलं, नाही गेले तर भाषण मोडलं नाही. सरांचं बरोबर होतं म्हणावं तर तसंही नाही, कारण रिकाम्या जागी बसायला कुणीतरी मिळतंच. हे सगळं मी सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, मग काय करायचं? म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

कंदुरीच्या आदल्या दिवशी मायनं चूल पेटवली नाही. भावानं तिला समजावलं, रागावून बघितलं, बायकोला मध्ये घातलं. माय बकऱ्यापाशी पोतं टाकून बसली होती आणि त्याला पाला घालत होती. ‘त्येला बोलाव न्हायतर पिराला जाऊन सांग, माजा शब्द मोडला म्हणून. तू सांग, म्या न्हाय सांगणार,’ एवढंच ती म्हणायची. दुपारी भावानं पायात चप्पल घातली. गमछा त्यानं घेतला नाही. गाडीही नेली नाही, चालत गेला. मी दारात उभी राहून तो खालच्या आळीकडे वळेपर्यंत बघत राहिले, आणि खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी त्याच्यासाठी आनंदलेच होते. दोघं भांडतील, चार घाण शब्द बोलतील आणि मग पान खातील, असं मला वाटलं. त्यांचं तसंच असतं. मी मायला म्हणाले, आता येईल बघ तो.

तो लवकर आला, इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आला आणि रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. मग तोंड धुतलं. मग पुन्हा पाय धुतले. माय पोत्यावरून उठली नाही.

‘येतो म्हणला का?’ तिनं विचारलं.

‘न्हाय.’

‘भांडलास?’

‘न्हाय. भांडला न्हाय त्यो.’ भाऊ उंबऱ्यापाशी उभा राहूनच बोलत होता, आत येत नव्हता. ‘मला वट्यावर बसू दिलं न्हाय. घरातून खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, मग बसा म्हणला. सोता उबा ऱ्हायला. म्या म्हणलो, चल, मायनं सांगितलंय. तर म्हणला, तुमी टीव्हीवर जबान दिलीया, माज्यापायी ती मोडू नका.’

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

‘आजून काय म्हणला?’ मायनं विचारलं.

‘साहेब म्हणला.’

‘कुणाला?’

‘मला,’ भाऊ म्हणाला.